पुढून मागे की मागून पुढे? यादी कोणत्या टोकाकडून वाचायची

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात लूप शिकवून झाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘यादीतले सगळे आकडे पाहायचेच आहेत ना? मग पहिल्यापासून पाहिले काय नि शेवटापासून पाहिले काय, काय बिघडतं?’

प्रश्न रास्त आहे. पाच आकड्यांची बेरीज कुठूनही केली तरी तेवढीच येते. सगळ्यात मोठा आकडा शोधायचा असला तरी दिशेने काही फरक पडत नाही. पण यादीतून काही काढून टाकायचं असेल, मधेच काही घुसवायचं असेल किंवा ‘यापुढे काय येणार आहे’ हे प्रत्येक टप्प्यावर हवं असेल, तर चुकीच्या टोकाकडून सुरुवात केल्यास उत्तर चुकतं. बऱ्याचदा तर संगणक ते चुकल्याचं सांगतही नाही. म्हणून दिशा कशी ठरवायची, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

इथली बहुतेक उदाहरणं पायथॉन भाषेतली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिताना पायथॉनचे शब्द रोमन लिपीत टंकावे लागतात. इथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. मात्र यादीला आपण दिलेलं ‘भाव’ हे नाव पायथॉन देवनागरीतही चालवून घेतं. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

१. पाच मजल्यांची इमारत

समजा, कांद्याचे सलग पाच दिवसांचे भाव, क्विंटलमागे रुपयांत, असे आहेत:

भाव = [२१००, १८५०, १९००, २२४०, १९७५]

एका नावाखाली ओळीने मांडलेल्या अशा यादीला ॲरे म्हणतात. पायथॉनमध्ये रोजच्या वापरात असते ती लिस्ट. आपल्या कामापुरत्या दोन्ही सारख्याच.

डोळ्यांसमोर एक इमारत आणा. तळमजला आणि त्यावर चार मजले. लिफ्टमध्ये बटणं आहेत ०, १, २, ३ आणि ४. तळमजल्यावर २१०० राहतो, पहिल्यावर १८५०, आणि सगळ्यात वर चौथ्यावर १९७५. मजल्याच्या या क्रमांकाला इंडेक्स म्हणतात. ‘भाव[३]’ असं लिहिलं की तिसऱ्या मजल्यावरचा रहिवासी, म्हणजे २२४०, हजर होतो.

इथेच एक गोष्ट पक्की करून ठेवा. मजले आहेत पाच, पण सगळ्यात वरचं बटण आहे ४. यादीची लांबी आणि शेवटचा इंडेक्स यांत नेहमी एकाचा फरक असतो. नवशिक्यांच्याच काय, मुरलेल्या प्रोग्रॅमरांच्याही बऱ्याच चुका या एकाच्या फरकातून होतात. त्यांना ‘ऑफ बाय वन’ असं नावही पडलेलं आहे.

मेमरीत हे मजले एकाला एक लागून असतात. प्रत्येक खण आठ बाइटचा आणि पहिला खण १००० या पत्त्यावर आहे असं धरा. मग कुठल्याही खणाचा पत्ता असा निघतो: सुरुवातीचा पत्ता + इंडेक्स × खणाचा आकार. तिसऱ्या मजल्याचा पत्ता १००० + ३ × ८, म्हणजे १०२४. हा हिशोब करायला आपण खालून वर चाललोय की वरून खाली, याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून ॲरेमध्ये उलट चालणं हे सुलट चालण्याइतकंच सोपं आहे. प्रत्येक खणात फक्त पुढच्या खणाचा पत्ता लिहिलेला असेल, तर ती रचना वेगळी. तिला एकेरी लिंक्ड लिस्ट म्हणतात आणि तिच्यात मागे फिरायची वाटच नसते.

२. मोजणी शून्यापासून का?

सगळ्याच भाषा शून्यापासून मोजत नाहीत. १९५७ साली आयबीएमने आणलेली फोरट्रान एकापासून मोजायची. मॅटलॅब, आर आणि ज्युलिया या भाषा आजही एकापासूनच मोजतात. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेत मात्र शून्यापासून मोजणी आहे, आणि त्याचं कारण वरच्या पत्त्याच्या हिशोबात दडलेलं आहे. इंडेक्स म्हणजे ‘सुरुवातीपासून किती खण पुढे’. पहिला खण शून्य खण पुढे असतो, झालं.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या हस्तलिखित टिपणात या प्रश्नाला गणिताच्या बाजूने हात घातला. त्यांचं म्हणणं असं, की एखादा टप्पा सांगताना सुरुवात धरावी आणि शेवट सोडावा. ‘० पासून ५ च्या आधीपर्यंत’ म्हटलं की मजले किती, हे वजाबाकीनेच कळतं: ५ - ०, म्हणजे ५. शिवाय एक टप्पा जिथे थांबतो तिथूनच दुसरा सुरू होतो. मधे काही सुटत नाही, काही दोनदा येत नाही. पायथॉनने हाच रिवाज पाळला आहे. सुलट चालताना तो फार सोयीचा पडतो. उलट चालायला लागलं की तोच जरा अडचणीचा होतो. कसा, ते आता पाहू.

३. वर जाताना

एकच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याच्या रचनेला लूप म्हणतात. तळमजल्यापासून वर जायचं तर पायथॉनमध्ये लिहितात:

फॉर आय इन रेंज(५):
  प्रिंट(भाव[आय])

‘रेंज(५)’ मधून ०, १, २, ३, ४ हे आकडे एकामागून एक मिळतात. ५ स्वतः येत नाही, कारण शेवट सोडायचा. ‘आय’ हा लिफ्टमधला चालू क्रमांक.

क्रमांकाशी काही काम नसेल तर तो मधे आणायचीही गरज नाही:

फॉर दर इन भाव:
  प्रिंट(दर)

ही रचना चुकायला जागाच ठेवत नाही. पहिला कुठला, शेवटचा कुठला, हे पायथॉन स्वतः बघतो. अनुभवी लोक शक्यतो हिलाच पसंती देतात आणि इंडेक्स खरंच लागत असेल तरच तो मागवतात.

४. खाली येताना

आता चौथ्या मजल्यावरून खाली या. रेंजला तीन गोष्टी सांगता येतात: कुठून निघायचं, कशाच्या आधी थांबायचं, आणि प्रत्येक वेळी किती सरकायचं. त्यामुळे उलटा लूप असा होतो:

फॉर आय इन रेंज(४, -१, -१):
  प्रिंट(भाव[आय])

ही ओळ पहिल्यांदा वाचणारा दोन उणे एकांपाशी अडखळतोच. दोन्ही दिसायला सारखे असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. शेवटचा उणे एक म्हणजे पाऊल: दर वेळी एक मजला खाली. मधला उणे एक म्हणजे थांबा. रेंज शेवट सोडतो, म्हणून तळमजल्यालाही भेट द्यायची तर थांबा त्याच्या खालचा सांगावा लागतो. तिथे चुकून ० लिहिला, तर ४, ३, २, १ एवढेच मजले होतात आणि तळमजल्यावरचा २१०० राहून जातो. प्रोग्रॅम कुरकूर करत नाही. पाचऐवजी चार ओळी छापतो आणि गप्प बसतो. लांबी आधी माहीत नसेल तर ४ च्या जागी ‘लेन(भाव) - १’ लिहावं लागतं आणि चुकायला आणखी एक जागा तयार होते.

हा गुंता टाळण्यासाठी २००४ साली पायथॉनच्या २.४ आवृत्तीत ‘रिव्हर्स्ड’ आला. त्याचा प्रस्ताव रेमंड हेटिंजर यांनी मांडला होता. आता एवढंच लिहायचं:

फॉर दर इन रिव्हर्स्ड(भाव):
  प्रिंट(दर)

वाचणाऱ्यालाही कळतं, लिहिणारा चुकतही नाही. रिव्हर्स्ड मूळ यादीला हात लावत नाही आणि तिची नक्कलही करत नाही. मागच्या टोकाकडून एकेक घटक काढून हातात देतो.

याच्या शेजारी आणखी दोन वाटा आहेत, आणि तिन्हींची गल्लत होते. ‘भाव[::-१]’ लिहिलं तर उलट क्रमाची नवी यादी तयार होते. पाच भावांना त्याचं काही नाही, पण एक कोटी नोंदी असतील तर प्रत्येक खणाचे आठ बाइट धरून नुसत्या नकलेला आठ कोटी बाइट लागतात. तिसरी वाट ‘भाव.रिव्हर्स()’. ती मूळ यादीच जागच्या जागी उलटी करते आणि उत्तरादाखल काहीही परत देत नाही. त्यामुळे ‘उलटे = भाव.रिव्हर्स()’ असं लिहिणाऱ्याला ‘उलटे’मध्ये काहीच सापडत नाही, आणि वर मूळ क्रमही गेलेला असतो.

५. शून्याच्या खाली काय आहे?

लिफ्ट तळमजल्यावर पोचली आणि कुणी तिला आणखी एक मजला खाली जायला सांगितलं, तर? उत्तर भाषेप्रमाणे बदलतं.

पायथॉनमध्ये भाव[-१] याला अर्थ आहे: मागून पहिला, म्हणजे १९७५. भाव[-२] म्हणजे मागून दुसरा, २२४०. यादी किती लांब आहे हे न विचारता शेवटचा घटक मिळतो, म्हणून ही सोय लोकप्रिय आहे. पण उलटा लूप एक पाऊल जास्त चालला, तर हीच सोय अंगाशी येते. शून्यानंतर -१ आला की पायथॉन तक्रार न करता पुन्हा सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन सोडतो. १९७५ दोनदा मोजला जातो आणि बेरीज का जुळत नाही, ते शोधत बसावं लागतं.

सी भाषेत वेगळाच प्रकार होतो. तिथे ऋण संख्या मुळीच साठवता न येणारा पूर्णांकाचा एक प्रकार आहे, आणि लांबी मोजायला बऱ्याचदा तोच वापरतात. इंडेक्स त्या प्रकारचा असेल आणि ‘आय शून्याहून लहान नाही तोवर चालत राहा’ अशी अट घातली, तर लूप कधीच थांबणार नाही. कारण ३२ बिटांच्या अशा संख्येत शून्यातून एक वजा केला की उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९५. ते शून्याहून लहान नाही, म्हणजे अट पाळली गेली. पुढच्याच पावलाला प्रोग्रॅम आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत शिरतो आणि बहुधा कोसळतो. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे आय लांबीपासून सुरू करायचा, ‘आय शून्याहून मोठा आहे ना’ हे आधी तपासायचं, मग एकाने कमी करायचा आणि त्यानंतरच खण उघडायचा.

६. माहिती कुठून येते ते पाहा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिशा ठरवायची कशी? पहिला नियम असा: ज्या बाजूची माहिती हवी, त्या बाजूकडून निघायचं.

चढती बेरीज घ्या. प्रत्येक दिवशी ‘आजपर्यंत एकूण किती’ हे हवं असेल, तर आजचं उत्तर कालच्या उत्तरात आजचा भाव मिळवून येतं: २१००, ३९५०, ५८५०, ८०९०, १००६५. माहिती आधीच्या दिवसांकडून येते आहे, म्हणून पुढून चालायचं.

आता उलट प्रश्न. प्रत्येक दिवसासाठी ‘आजपासून पुढे मिळालेला सगळ्यात चढा भाव कोणता’ हे हवं आहे. माल कधी विकला असता तर बरं झालं असतं, याचा हा हिशोब. पुढून निघालात तर पहिल्या दिवसासाठी पाचही भाव पाहावे लागतात, दुसऱ्यासाठी चार, मग तीन, दोन, एक. एकूण पंधरा वेळा पाहणं झालं. मागून निघालात तर पाच वेळांत भागतं:

- चौथा मजला: १९७५. आतापर्यंतचा सर्वांत चढा १९७५.
- तिसरा: २२४०. हा मोठा, म्हणून आता २२४०.
- दुसरा: १९००. उत्तर २२४० च.
- पहिला: १८५०. उत्तर २२४०.
- तळमजला: २१००. उत्तर २२४०.

पाच नोंदींत पंधरा आणि पाच हा फरक किरकोळ वाटेल. एक लाख नोंदी असतील तर तो सुमारे ५०० कोटी विरुद्ध एक लाख असा होतो.

शोधाचंही तसंच. ‘भाव दोन हजारांच्या वर शेवटचा कधी गेला होता?’ असं विचारलं, तर मागून पाहायला लागा आणि पहिला सापडला की थांबा. १९७५ नाही, २२४० होय. दोन पावलांत काम झालं. पुढून आलात तर २१०० सापडल्यावरही थांबता येत नाही. कदाचित पुढे आणखी असेल, म्हणून शेवटपर्यंत जावंच लागतं.

७. काढून टाकताना

दुसरा नियम यादीत फेरफार करण्याविषयी आहे: मोडतोड व्हायचीच असेल तर ती पाहून झालेल्या बाजूला होऊ द्या, पाहायच्या राहिलेल्या बाजूला नको.

दोन हजारांच्या खालचे भाव यादीतून काढायचे आहेत. इमारतीतला एखादा मजला काढला की वरचे सगळे एकेक मजला खाली येतात, हे लक्षात ठेवा आणि पुढून चालून पाहा.

- आय ० : २१०० ठेवला.
- आय १ : १८५० काढला. यादी झाली २१००, १९००, २२४०, १९७५. दुसऱ्या मजल्यावरचा १९०० आता पहिल्यावर उतरला.
- आय २ : इथे आता २२४० आहे. ठेवला. १९०० कडे कुणी पाहिलंच नाही.
- आय ३ : १९७५ काढला.

हातात राहिलं २१००, १९००, २२४०. १९०० निसटला. रेंज(५) वापरला असेल तर आय ४ वर पोचताच ‘असा मजलाच नाही’ म्हणून पायथॉन चूक दाखवतो, म्हणजे निदान कळतं तरी. ‘फॉर दर इन भाव’ वापरून आतल्या आत काढत गेलात, तर यादी संपली एवढंच पाहून लूप मुकाट्याने थांबतो. जावा भाषा या बाबतीत कडक आहे. तिथे यादीवरून लूप चालू असताना बाहेरून यादी बदललेली लक्षात आली, की ती सहसा ‘कन्करंट मॉडिफिकेशन’ची चूक दाखवून काम थांबवते.

आता तेच वरून खाली येत करा. आय ४ : १९७५ काढला, त्याच्या वर कुणी नव्हतंच. आय ३ : २२४० ठेवला. आय २ : १९०० काढला, खाली सरकला फक्त २२४०, आणि तो पाहून झालेला आहे. आय १ : १८५० काढला. आय ० : २१०० ठेवला. उरले २१०० आणि २२४०. बरोबर.

वेळेचाही फायदा आहे. एक लाख नोंदींची यादी दर वेळी पहिला घटक काढत रिकामी केली, तर प्रत्येक खेपेला बाकीचे सगळे सरकतात आणि एकूण सरकवणं सुमारे ५०० कोटींवर जातं. शेवटचा घटक काढत गेलात तर कुणालाच सरकावं लागत नाही.

पायथॉनमध्ये याहून सरळ वाट म्हणजे जुनी यादी न छेडता, ठेवायचे तेवढे भाव घेऊन नवी यादी करायची. ती एका ओळीत होते आणि तिथे दिशेचा प्रश्नच उरत नाही. जागेवरच बदल करणं भाग असेल, तेव्हा मात्र मागून चाला.

८. सरकवताना, आणि बिघडलेला आवाज

घटक घुसवतानाही हाच नियम लागू पडतो. पाच भावांच्या शेवटी एक रिकामा खण आहे आणि पहिल्या मजल्यावर २००० घालायचा आहे. जागा करण्यासाठी बाकीच्यांना एकेक मजला वर न्यायचं.

खालून सुरुवात केली तर १८५० दुसऱ्या मजल्यावर गेला आणि तिथला १९०० पुसला गेला. मग दुसऱ्यावरचा, म्हणजे पुन्हा १८५०, तिसऱ्यावर गेला. असं करत शेवटी यादी होते २१००, १८५०, १८५०, १८५०, १८५०, १८५०. वरून सुरुवात केली तर आधी १९७५ रिकाम्या खणात जातो, मग २२४० त्याच्या जागी, मग १९००, मग १८५०. काहीही पुसलं जात नाही. उलट, मधला घटक काढून वरच्यांना खाली आणायचं असेल, तर खालून सुरुवात करावी लागते. म्हणजे ज्या दिशेला माल सरकवायचा, त्या टोकाकडून काम सुरू करायचं.

सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात या कामासाठी दोन फंक्शनं आहेत. ‘मेममूव्ह’ आधी कुठून कुठे न्यायचं ते पाहतं आणि काहीही पुसलं जाणार नाही याची हमी देतं. ‘मेमकॉपी’ अशी हमी देत नाही. दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं गृहीत धरून ते जमेल तितक्या वेगाने नक्कल करतं. दिशा कोणती, हे त्याच्यावर सोपवलेलं आहे.

२०१० साली याचा हिसका बऱ्याच लिनक्स वापरणाऱ्यांना बसला. फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीत ग्लिबसी या सी भाषेच्या ग्रंथालयातलं मेमकॉपी काही इंटेल प्रोसेसरांवर वेगासाठी मागून पुढे नक्कल करू लागलं होतं. ॲडोबीचा फ्लॅश प्लेअर मात्र एकमेकींवर चढलेल्या जागांसाठीही मेमकॉपीच वापरत होता. पुढून मागे नक्कल होत होती तोवर हे खपून गेलं. दिशा बदलताच काही संकेतस्थळांवरचा आवाज विचित्र, खरखरीत येऊ लागला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः त्या चर्चेत उतरून दोष शोधायला हातभार लावला. नियमाने पाहिलं तर चूक फ्लॅशची होती. पण चालू असलेलं काम मोडलं, तर वापरणाऱ्याला नियमाशी काय घेणं, असा टोरवाल्ड्स यांचा रोख होता. पुढे ग्लिबसीच्या २.१४ आवृत्तीत मेमकॉपीचं नवं रूप वेगळं काढलं आणि आधी बांधलेल्या प्रोग्रॅमांना सुरक्षित वागणूक मिळेल अशी सोय केली.

९. दोन्ही टोकांकडून एकदम

काही कामांत दोन्ही दिशा एकाच वेळी लागतात. विलोमपद, म्हणजे उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य, ओळखणं हे त्यातलं सगळ्यात गमतीचं. ‘रामाला भाला मारा’ घ्या. मधल्या मोकळ्या जागा सोडल्या तर सात अक्षरं उरतात: रा, मा, ला, भा, ला, मा, रा. एक बोट इंडेक्स ० वर ठेवा, दुसरं ६ वर. दोन्ही अक्षरं सारखी आहेत का पाहा, मग डावं बोट एक पुढे आणि उजवं एक मागे न्या. बोटं एकमेकांना भेटली किंवा ओलांडून गेली की थांबा. रा-रा, मा-मा, ला-ला. तीन तुलनांत निकाल लागला. मधल्या ‘भा’ला कुणाशी जुळवायची गरज नाही. याच दोन बोटांनी तुलनेऐवजी अदलाबदल करत गेलात, तर यादी जागच्या जागी उलटी होते.

हेच काम पायथॉनला अक्षरांच्या यादीऐवजी सरळ शब्द देऊन करायला सांगा. ‘नवजीवन’ द्या. न, व, जी, व, न: आपल्या डोळ्यांना हा शब्द उलटसुलट सारखाच दिसतो. पायथॉन मात्र नाही म्हणतो. त्याला लांबी विचारली तर तो पाच नाही, सहा सांगतो. कारण युनिकोड या संगणकातल्या लिप्यांच्या प्रमाणपद्धतीत ‘ज’ला एक खण आणि दीर्घ वेलांटीला स्वतंत्र खण मिळतो: न, व, ज, ी, व, न. हे सहा खण मागून वाचले की वेलांटी ‘ज’च्या आधी येते, मागच्या ‘व’ला चिकटते आणि शब्द होतो ‘नवीजवन’. ‘स्त्री’ या एका अक्षराचे तर सहा खण होतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी.

इथे दिशा बरोबर होती, बोटंही बरोबर सरकत होती. चुकलं ते खण कशाला म्हणायचं हे. वाचणाऱ्याला जे एक अक्षर दिसतं, त्याचे खण कुठे तोडायचे याचे नियम युनिकोडने घालून दिले आहेत. २०२३ साली आलेल्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरंही त्या नियमांत एकसंध धरली जातात. त्याआधीच्या नियमांनी ‘स्त्री’चे तीन तुकडे व्हायचे. म्हणून मराठी मजकूर उलटा वाचायचा असेल, तर आधी या नियमांनी त्याचे अक्षरवार खण पाडून घ्या आणि मगच लूप फिरवा. इतकं करूनही ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य पहिल्याच तुलनेत नापास होतं, कारण एका टोकाला ऱ्हस्व ‘चि’ आहे आणि दुसऱ्या टोकाला दीर्घ ‘ची’. हा फरक मोजायचा की सोडायचा, हे संगणक ठरवत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते आधी ठरवावं लागतं.

करून पाहा

१. ‘रेंज(४, ०, -१)’ वापरून पाच भावांची बेरीज केली तर उत्तर किती येईल? खऱ्या बेरजेशी त्याचा फरक कोणत्या मजल्यामुळे पडला?

२. दोन हजारांखालचे भाव पुढून चालतही बरोबर काढता येतात, फक्त घटक काढला त्या फेरीत आय वाढवायचा नाही. कागदावर पाचही पावलं लिहा आणि १९०० आता का निसटत नाही ते सांगा.

३. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य अक्षरवार तपासायला किती तुलना लागतील, आणि कोणतं अक्षर एकटं राहील? हेच वाक्य अक्षरवार खण न पाडता, युनिकोडच्या कोडवार तपासलं तर पहिल्या तुलनेत डाव्या बोटाखाली काय असेल नि उजव्या बोटाखाली काय?